आगोर कुणाचा?



मी माण तालुक्यातला. दुष्काळ मला कुणी शिकवायचं कारण न्हाई. १९७२ ला आईनं खडी फोडली, आम्ही सुकडी खाल्ली. तरी थरचं वाळवंट बघायला गेलो. जैसलमेरला वर्षाचा सरासरी पाऊस २०० मिलिमीटरच्या आसपास. तिथं अन्नकाळ, जलकाळ, तृणकाळ असे काळ मोजतात. तिन्ही एकदम आले की त्रिकाळ. चौथा काळ कुणी मोजत न्हाई. तो जातीचा.

एका गावात तहान लागली. घरापुढं टाका होता. टाका म्हणजे जमिनीत खणून आतनं लिंपलेली टाकी. भोवतीनं उतार दिलेली स्वच्छ जमीन, तो आगोर. पाऊस आगोरावर पडतो, टाक्यात उतरतो. मालकानं आधी जात विचारली. मी सांगितली. मग त्यानं लोटा उंच धरला अन् म्हणाला, ओंजळ कर.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले. आणि मी आज ओंजळ पसरू? तसाच तहानलेला फिरलो.

शहरातले पर्यावरणवाले या टाक्यांचे गोडवे गातात. लोकांचं शहाणपण म्हणतात. शहाणपण हायच. पण कुठले लोक? हिशेब मांडा. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १०० चौरस मीटर आगोर, १०० मिलिमीटर पाऊस, की १०,००० लिटर. जिरलं-वाळलं ते वजा करा. ज्याला आगोराएवढीही जमीन न्हाई, त्याच्यावरही तेवढाच पाऊस पडतो. तो वाळूत जातो. आभाळ जात बघत न्हाई. जमिनीचा कागद बघतो.

महाडचं तळं सार्वजनिक, म्हणून हक्क सांगता आला. १९३७ ला हायकोर्टानंही आपल्या बाजूनं निकाल दिला. राजस्थानातच, जयपूर जिल्ह्यातल्या चकवाड्यात, डिसेंबर २००१ ला दलित गावतळ्यात उतरले. बहिष्कार सोसला, पण तळं सोडलं न्हाई. तळ्यावर मोर्चा नेता येतो. दुसऱ्याच्या अंगणातल्या टाक्यावर कसा नेणार? तिथं पाण्याची लढाई ही जमिनीची लढाई हाय.

आणि थरला कशाला हसता? आमच्या माणात शेततळं कुणाचं? ज्याचं शेत, त्याचं.

म्हणून पोरांनो, दुष्काळाच्या सभेत टाके किती, तळी किती हे आकडे ऐकून टाळ्या वाजवू नका. उभं राहून एवढंच विचारा : आगोर कुणाच्या नावावर हाय?

जयभीम.