फाइल चावडीवर कशाला?

मंडळी, या शनिवारी डोकं जरा तापलंय. ज्यांचा आरपीजीशी संबंध नाही त्यांनी पुढच्या पोस्टची वाट बघावी!

आमच्याकडे कोड रिव्ह्यूत एक नियम आहे: फाइल प्रोग्रामच्या माथ्यावरच जाहीर करायची, सबप्रोसिजरच्या आत नाही. का? तर म्हणे, पहिल्यापासून असंच आहे. अहो, सबप्रोसिजरमध्ये लोकल फाइलची सोय आयबीएम आय 6.1 मध्ये आली, 2008 साली. तेव्हा मी चाकूरला पाठीवर दप्तर घेऊन शाळेत जात होतो. त्याआधी इलाज नव्हता, कबूल. आता काय अडलंय?

यात बिघडतं काय ते बघा. एक प्रोसिजर एका ग्राहकाची बिलं 'रीडई'ने ओळीने वाचतेय. मध्येच ती दुसरीला बोलावते, आणि ती दुसरी जुनं बिल शोधायला त्याच फाइलवर 'चेन' मारते. फाइल एकच, कर्सरही एकच. आडतीवर मुनीमजी खातेवहीत पट्टी ठेवून बेरीज करतायत आणि कुणीतरी येऊन ती पट्टीच दुसऱ्या पानावर सरकवली, तसली गत. परत आल्यावर लूप भलतीकडूनच वाचायला लागतो. बिलं गळतात, दोनदा धरली जातात, नाहीतर लूप संपतच नाही. शेवटचं परवडलं, निदान कळतं तरी. पहिल्या दोन्हींत एरर नाही, काही नाही. चुकीची रक्कम गुपचूप ग्राहकाच्या माथी.

फाइल लोकल केली की प्रत्येक प्रोसिजरची पट्टी वेगळी. प्रोसिजर नीट संपो की मध्येच कोसळो, फाइल आपोआप बंद.

"पण दर कॉलला ओपन-क्लोज, स्पीड जातो ना!" हा मुद्दा मात्र खरा आहे. लूपमधून हजारदा बोलावलं तर हजारदा ओपन होणार. त्यासाठीच 'स्टॅटिक' आहे: फाइल उघडीच राहते. फक्त कर्सरही मागच्या जागीच राहतो, म्हणून वाचण्याआधी 'सेटएलएल' करून घ्या.

दुसरी कुरकुर, लोकल फाइलला इनपुट स्पेक नाहीत, डेटा स्ट्रक्चरमध्येच वाचावं लागतं. 'लाइकरेक'ची एक ओळ आहे हो ती! उलट त्यामुळे माथ्यावरच्या ग्लोबल फील्डमधली किंमत नकळत बदलत नाही. हा फायदा झाला की तोटा?

असो. सोमवारी माझा प्रोग्राम रिव्ह्यूला जातोय. फाइल आतच आहे. बाहेर काढायला लावणार असाल तर कारण लेखी द्या, राव.