बाटली नकली नव्हती

गेल्या उन्हाळ्यात माझे एक जुने रुग्ण सपत्नीक दवाखान्यात आले आणि त्यांच्यामागोमाग अवघा समुद्र आत शिरला. वय ५८, नुकतेच सेवानिवृत्त. कन्येने दिलेले परफ्यूम त्यांनी इतके फवारले होते की मला खिडकी उघडावी लागली. रक्तदाब मोजत असताना ते म्हणाले, "डॉक्टर, हल्ली सगळा माल नकली. दहा वेळा फवारले तरी वास म्हणून नाही!"

परफ्यूम 'ॲक्वाटिक', म्हणजे जलगंधी प्रकारातले होते. सागरी वाऱ्याचा आणि किंचित कलिंगडाचा भास देणारा कॅलोन हा पदार्थ १९६६ साली फायझर या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडला. पुढे १९८८चे 'कूल वॉटर' आणि १९९६चे 'ॲक्वा दि जिओ' यांनी जलगंध पुरुषांच्या कपाटात कायमचा आणून ठेवला. त्यातले लिंबूवर्गीय हलके घटक काही मिनिटांत उडून जातात. तासन् तास त्वचेवर रेंगाळतात ते देवदार, चंदन, व्हेटिव्हर असे जड काष्ठगंध. व्हेटिव्हर म्हणजे आपल्या माठातला वाळाच. तमिळ 'वेट्टिवेर' फ्रेंचांच्या तोंडी जाऊन हे नाव झाले.

म्हणून मी विचारले, "माठातल्या वाळ्याचा वास येतो का?"

ते थांबले.

"फोडणीतल्या हिंगाचा?"

उत्तर त्यांच्या पत्नीने दिले. "परवा दूध करपून घरभर धूर झाला, आणि हे शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसले होते."

एकाच वासात वावरले की नाक त्याची दखल घेणे सोडते. त्यामुळे आपलेच परफ्यूम थोड्या वेळाने जाणवेनासे होणे स्वाभाविक आहे. पण पहिलाच फवारा कळत नसेल, तर दोष बाटलीचा नव्हे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मरकॅप्टन मिसळतात. ज्यांना हिंग कळत नाही, त्यांना तेही कळण्याची शाश्वती नाही. दुपारचा चहा हे गृहस्थ घरी एकटेच करून घेतात, हे ऐकल्यावर रक्तदाबाचा आकडा मला दुय्यम वाटू लागला. गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र त्याच दिवशी बसवायला सांगितले आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली.

येथे एक कबुली दिली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी "जेवणाला चव लागत नाही" अशी त्यांची तक्रार होती. मी जिभेकडे पाहिले, जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि वयाकडे बोट दाखवले. अन्नाची चव आपल्याला कळते ती मोठ्या प्रमाणात नाकामुळे, हे मला ठाऊक होते. विचारायचे मात्र राहिले.

त्यांच्या दोन्ही नाकपुड्यांत पॉलिप, म्हणजे श्लेष्मल त्वचेचे मऊ कोंब वाढलेले निघाले. प्रत्येकाचे कारण हेच असते असे नाही. जुनी सर्दी, कोविड, डोक्याला लागलेला मार यांनीही गंधज्ञान जाते. क्वचित पार्किन्सन्सच्या आजारात हातापायांच्या लक्षणांच्या कित्येक वर्षे आधी ते मंदावते. घरातले कोणी अलीकडे अत्तर अति लावू लागले असेल, तर थट्टेऐवजी त्यांना हिंगाची डबी हुंगायला द्या. आणि दम्याच्या रुग्णाच्या खोलीत फवारणी नकोच.

नाकातल्या स्टिरॉइडच्या फवाऱ्याने त्यांना हळूहळू उतार पडतो आहे. मागच्या महिन्यात आले तेव्हा खिडकी उघडावी लागली नाही. म्हणाले, "वाळा कळतो आता. समुद्र अजून नाही."