पाच मित्र, एक एकर आणि सातबारा कुणाच्या नावावर?

‘नारायणगावजवळ एक एकर मिळतेय. पाच जण मिळून घेऊ. कंपनी काढायची की एलएलपी?’ कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागच्या महिन्यात हा मेसेज आला. आम्ही सगळे इंजिनिअर. अर्ध्या तासात एक्सेल शीट तयार झाली, त्यात कराचे दर आले. जमीन शेतीची आहे का, हे मात्र कुणीच विचारले नाही.

खरे तर सुरुवात तिथूनच होते. 1948 च्या कूळकायद्याच्या कलम 63 नुसार महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. कंपनी किंवा एलएलपी शेतकरी ठरत नाही. अपवाद आणि परवानग्या आहेत, पण वीकेंडला फार्महाऊस हवे म्हणून त्या मिळत नाहीत. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात आणखी एक कुंपण आहे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही, मग खरेदीदार कंपनी असो की व्यक्ती.

यावर गावोगावी ठरलेला ‘जुगाड’ म्हणजे ज्याचा सातबारा आहे त्या मित्राच्या नावावर खरेदीखत करायचे आणि बाकीच्यांनी पैसे देऊन स्टॅम्प पेपरवर सह्या करायच्या. आमच्या मते हा सगळ्यात घातक पर्याय आहे. पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, म्हणजे व्यवहार बेनामी ठरू शकतो. 2016 च्या दुरुस्तीनंतर त्याला एक ते सात वर्षे सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या 25 टक्क्यांपर्यंत दंड आहे. मित्र फिरला तर ‘जमीन माझी’ म्हणून कोर्टात दावाही लावता येत नाही.

भावाभावांतही हे घडते. मुंबईतला भाऊ पैसे पाठवतो, गावातला सही करतो. कायद्यात भावंडांना सवलत आहे, पण त्यासाठी कागदावर दोघांची नावे सहमालक म्हणून हवीत आणि पैशाचा स्रोत दाखवता यायला हवा. नुसता विश्वास तिथे चालत नाही.

पाचही जण शेतकरी असतील, तर सरळ पाचांच्या नावे, खरेदीखतात हिस्से लिहून जमीन घ्यावी. करातही हेच बरे पडते. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेली जमीन विकताना 12.5 टक्के किंवा महागाईचा हिशोब धरून 20 टक्के, यातला कमी कर निवडण्याची मुभा निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबालाच आहे. विक्रीचे पैसे घरात गुंतवून मिळणारी 54एफची सूटही एलएलपीला नाही.

अडचण येते ती बाहेर पडताना. एक एकर भागिले पाच म्हणजे प्रत्येकी आठ गुंठे. पुणे जिल्ह्यात शेतीसाठी प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला 10 आणि जिरायतीला 20 गुंठे. म्हणजे आपला तुकडा वेगळा काढून विकणे अडते. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेकडे डोळे लावून जमिनी घेतलेल्यांनी, खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीमुळे मार्गच बदलण्याचा विषय निघाला तेव्हा अनुभव घेतलाच असेल. अशा वेळी एकाला विकायचे असते, चौघांना थांबायचे असते. हिस्सा कुणी, कोणत्या भावाने घ्यायचा आणि कुणी दगावला तर वारसांचे काय, हे खरेदीआधीच लिहून ठेवा.

एनए प्लॉटला शेतकरी असण्याची अट नाही. तिथे एलएलपी किंवा भागीदारी चालते. भागीदारी असेल तर नोंदणी कराच, कारण नोंदणी नसलेल्या फर्मला करारावरून दावा लावता येत नाही. जुन्नर 2018 मध्ये पर्यटन तालुका जाहीर झाला. तिथे होमस्टे काढणाऱ्यांना आम्ही सुचवू की जागा स्वतःच्या नावे ठेवा आणि धंदा एलएलपीतून करून तिच्याशी भाडेकरार करा. धंदा बुडाला तरी जागा सहसा वाचते.

कंपनी कधी? पुण्याच्या मगरपट्ट्यात सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी सुमारे 400 एकर जमीन एकत्र करून कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात शेअर घेतले. तेवढा पसारा असेल तर जरूर काढा. पाच जणांच्या एका प्लॉटसाठी दरवर्षी ऑडिट, आणि विवरणपत्र चुकले की प्रत्येक फॉर्मला दिवसाला 100 रुपये, हा नुसता डोक्याला ताप आहे.

आमच्या ग्रुपमधल्या पाचांपैकी दोघांकडेच शेतकरी असल्याचा दाखला निघाला. बाकीचे तिघे आता मंचरजवळ एनए प्लॉट बघताहेत. त्यांच्या कराराच्या मसुद्यातले पहिले कलम बाहेर पडण्याचे आहे.