छपराची चौकशी वादळानंतरच का?

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत हजारो घरांची कौले आणि पत्रे घेऊन गेले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्तेने किनाऱ्याला समांतर सरकत सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीला झोडपले. विदर्भ-मराठवाड्यात तर चक्रीवादळाचीही गरज नसते. एप्रिल-मेमधला वळवाचा एक तडाखा गावातले पत्रे उचलून शेतात नेऊन टाकतो. अशा प्रत्येक वादळानंतर तलाठी पंचनाम्याला येतो आणि ज्या थोड्या घरांचा विमा असतो तिथे विमा कंपनीचा सर्व्हेअरही येतो. किती गेले, हे तलाठी विचारतो. जे गेले ते आधी कसे होते, हे सर्व्हेअर विचारतो. दाव्याचे पैसे बव्हंशी या दुसऱ्या प्रश्नावर ठरतात. प्रश्न रास्त आहे, पण तो चुकीच्या वेळी विचारला जातो, आणि त्याची किंमत घरमालकच मोजतो.

आधी कागदावर काय आहे ते पाहू. 1 एप्रिल 2021 पासून देशातल्या सर्वसाधारण विमा कंपन्या ‘भारत गृह रक्षा’ या नावाची, एकसारख्या अटींची पॉलिसी घरांसाठी देतात. आग आणि भूकंपाबरोबर वादळ, चक्रीवादळ, पूर, वीज कोसळणे, दरड हे सगळे धोके तिच्यात मूळ हप्त्यातच येतात. वाऱ्याने माड किंवा आंबा घरावर पडला तरी भरपाई आहे. घराची विमा रक्कम दर वर्षी 10 टक्क्यांनी आपोआप वाढते, आणि विमा थोडा कमी रकमेचा काढला म्हणून दाव्याला त्या प्रमाणात कात्री लावण्याची जुनी पद्धत इथे बंद केली आहे. घरगुती विम्यात इतकी सरळ पॉलिसी आपल्याकडे याआधी नव्हती. पण तिच्यातल्या दोन गोष्टी बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. घर सुस्थितीत आणि देखभाल केलेले ठेवणे ही धारकाची जबाबदारी आहे, ही पहिली. नुकसान झाले त्या वेळी घर ज्या स्थितीत होते साधारण त्या स्थितीत ते परत आणण्याचा खर्च मिळतो, ही दुसरी. म्हणजे वादळाच्या आदल्या दिवशी छप्पर कसे होते, हाच भरपाईचा पाया. याला अन्याय म्हणता येणार नाही. विमा झालेली हानी भरून देतो, वीस वर्षांच्या पत्र्याच्या जागी फुकटात नवा पत्रा घालून देणे हे त्याचे काम नव्हे.

वादळाने गेले की आधीच गेलेले होते, हे ओळखता येते का? बऱ्याच अंशी येते. वारा छपराला वरून दाबत नाही, वर उचलतो. पाख्यावरून वेगाने जाणारी हवा पत्र्याला किंवा कौलाला वरच्या बाजूला ओढते. ही ओढ कडांना, कोपऱ्यांत आणि आढ्यापाशी सर्वांत जास्त असते. त्यातच एखादी खिडकी फुटली की आत शिरलेली हवा खालून रेटा देते आणि दोन्ही जोर एक होतात. अशा वेळी पत्र्याची जाडी फारशी कामाला येत नाही. पत्रा पट्टीला धरणारा हुक, त्याखालचा वॉशर, पट्टी वाशाला धरणारा खिळा आणि वासा भिंतीला धरणारी बांधणी यांतला सर्वांत कच्चा दुवा आधी सुटतो. अनुभवी सर्व्हेअर म्हणूनच उडालेल्या पत्र्यापेक्षा त्याची भोके बघतो. स्क्रूभोवतीचा पत्रा ताजा फाटलेला, कडा चकाकणाऱ्या असतील तर वाऱ्याने तो ओढून काढला. भोक गंजून रुंद झाले असेल तर तो आधीपासूनच नावापुरता टिकून होता. लाकडाची ताजी चीर फिकी दिसते, जुनी काळवंडलेली. वाळवीने पोखरलेला वासा मोडला की त्यातून मातीच पडते. पाण्याचेही तसेच. वाऱ्याने छप्पर उघडले आणि मग पाऊस आत आला, तर ते वादळाचे नुकसान. भिंतीवर एकाखाली एक पिवळट डागांच्या कडा असतील, तर ती काही पावसाळ्यांची गळती.

अभियंत्यांच्या बाजूनेही एक आकडा इथे नोंदवावासा वाटतो. इमारतींवरील वाऱ्याच्या भाराविषयीच्या भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर धरला आहे. निसर्गच्या वेळी हवामान खात्याने सांगितलेला वेग याच्या आतला होता. नियमाप्रमाणे बांधलेले आणि राखलेले छप्पर अशा वाऱ्यात टिकावे, अशी अपेक्षा मानकच करते. तेव्हा ‘एवढ्या वादळापुढे कोणाचे काय चालणार’ हे सांत्वन म्हणून ठीक असले, तरी प्रत्येक छपराच्या बाबतीत खरे नाही. कंपनीच्या बाजूने असलेला हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि तो झटकून टाकण्यात अर्थ नाही.

पण देखभाल कमी का झाली, हेही बघायला हवे. कौलारू घराची शाकारणी दर वर्षी मे महिन्यात होत असे. कौले उतरवायची, फुटकी बदलायची, कुजलेली रीप काढायची, पन्हळीतला पाला उपसायचा, आणि या सगळ्यात वासे-तुळयांची आपोआप पाहणी होऊन जायची. ते काम करणारे हात गावात उरले नाहीत. कोकणात माकडांनी कौलांची जी दैना केली आहे तिच्यापुढे तर शाकारणीही हरली. मग पत्रा आला, तो ‘एकदा घातला की सुटलो’ या भरवशावर. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत हा भरवसा फसवा ठरतो. कौलाचे छप्पर वर्षातून एकदा माणसाला वर चढायला लावत होते. पत्र्याखाली काय कुजते आहे ते कोणी बघतच नाही. शिवाय कौले वाऱ्यात एकेक, ओळीओळीने निखळतात. पत्रा निघाला की सबंध पाखे घेऊन जातो. शहरांत गच्चीची गळती थांबवायला उभारलेल्या पत्र्याच्या शेड हे याच गोष्टीचे शहरी रूप. विमा काढताना त्या शेडचा उल्लेख करायचा कोणाला सुचत नाही आणि ती उडाली की ती मूळ इमारतीचा भाग होती का, यावर वाद सुरू होतो.

इथे एक आक्षेप हमखास येतो. छप्पर ठाकठीक असते तर विमा कशाला काढला असता? हप्ता भरायचा तो अडचणीच्या वेळेसाठीच ना? यात तथ्य आहे, पण ते लोक समजतात तिथे नाही. छप्पर नव्यासारखे हवे, असे कोणतीही पॉलिसी म्हणत नाही. जुने, थोडे गंजलेले छप्पर वादळात उडाले, तर नुकसानीचे निकटचे कारण वादळच ठरते; वादळ आले नसते तर त्या दिवशी ते जागेवर असते. गंजाचा विचार भरपाई किती, हे ठरवताना होऊ शकतो. भरपाई द्यायची की नाही, हे त्यावरून ठरवता कामा नये. दावा अपवादाच्या कलमात बसतो हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी अनेकदा सांगितले आहे. सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा असला तरी अंतिम नसतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या खटल्यात स्पष्ट केले. प्रत्यक्षात मात्र ‘देखभालीचा अभाव’ हे शब्द अहवालात आले की सामान्य माणूस हाय खातो आणि मिळेल त्या रकमेवर सही करतो. कंपनीचा निर्णय पटला नाही तर विमा लोकपालाकडे एक पैसा न भरता तक्रार करता येते, 50 लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. ही माहिती पॉलिसीच्या कागदांत असते. वाचतो कोण?

खरी विसंगती पॉलिसी विकताना सुरू होते. हप्ता घेताना कंपनी छपराकडे पाहत नाही. प्रस्तावाच्या अर्जात पत्ता, क्षेत्रफळ, बांधकामाचे वर्ष आणि भिंत-छप्पर कशाचे याच्या चार चौकटी असतात. बँकेच्या गृहकर्जाबरोबर गळ्यात पडणाऱ्या पॉलिसीत तर त्याही कर्जदाराऐवजी दुसराच कोणी भरतो. दहा वर्षे हप्ता घेताना ज्या छपराबद्दल कंपनीला एकही प्रश्न पडला नाही, त्याची इत्थंभूत चौकशी ते जमिनीवर आल्यावर करायची, हा व्यवहार एकतर्फी आहे. आणि ती चौकशी होते तेव्हा पुरावा जवळजवळ नष्ट झालेला असतो. वादळानंतर घरमालक सर्व्हेअरची वाट पाहत बसू शकत नाही. डोक्यावर जूनचा पाऊस असतो, मिळेल ती ताडपत्री घालावी लागते, तुटके तुकडे उचलून बाजूला टाकावे लागतात. निसर्गनंतर कित्येक गावांत काही आठवडे वीज नव्हती, फोन लागत नव्हते. तिथे दाव्याची सूचना वेळेत द्या म्हणणे हीच थट्टा होती.

कंपन्या म्हणतील, प्रत्येक घराचे छप्पर आधी तपासायला माणूस पाठवला तर तपासणीचा खर्च हप्त्यापेक्षा जास्त होईल. हे खरे आहे. पण माणूस पाठवायची गरजच नाही. पीकविम्यात शेतकऱ्याने बांधावरून मोबाइलवर फोटोसह नुकसानीची सूचना 72 तासांत द्यावी, अशी अपेक्षा आपण वर्षानुवर्षे ठेवतो आहोत. जे शेतकऱ्याकडून चालते ते घराच्या बाबतीत का चालू नये? पॉलिसी घेताना आणि दर वर्षी मेअखेर छपराचे आतून-बाहेरून चार फोटो तारखेसह जमा करायचे, कंपनीने ते स्वीकारल्याची पोच द्यायची, आणि त्या फोटोंत दिसणारी स्थिती पुढे वादाचा विषय करायची नाही, एवढे पुरे. फोटोत गंज दिसत असेल तर कंपनीने तेव्हाच दुरुस्ती सुचवावी किंवा हप्ता वाढवावा. गप्प राहिल्यास ती स्थिती तिला मान्य आहे असे धरावे. 2024 मध्ये विमा नियामकाने कागदपत्रे नाहीत म्हणून सर्वसाधारण विम्याचा दावा नाकारू नये, लागतील ते कागद पॉलिसी देतानाच मागावेत, असे बजावले आहे. छपराची स्थिती याच तत्त्वात बसते.

या व्यवस्थेचा लाभ सर्वांत जास्त कोणाला होईल, तर कोकणातल्या बंद घरांना. चाकरमान्यांचे घर गणपती आणि शिमग्यालाच उघडते. अग्निविम्याच्या जुन्या प्रमाणित पॉलिसीत घर सलग 30 दिवसांहून अधिक रिकामे राहिले आणि त्यासाठी कंपनीची आधी संमती घेतली नाही, तर संरक्षणच थांबत असे. आपल्या हातातल्या पॉलिसीत याविषयी काय आहे ते मुंबईकराने आधी बघून घ्यावे. वर्षातून एकदा गावातल्या कोणाकडून शाकारणी करून घेऊन फोटो आणि मजुरीची पावती मागवणे त्याला जमण्यासारखे आहे. गावाकडे पावती देतो कोण, हा प्रश्न उरतो. पण मोबाइलवरून पैसे पाठवल्याची नोंद आता बहुतेकांकडे असते आणि पुरावा म्हणून तीही चालायला हवी.

ज्यांना विमाच परवडत नाही त्यांचे काय, असेही कोणी विचारेल. त्यांच्यासाठी सरकारी मदत आहे, पण तिचा आवाका पाहावा. आपत्ती निवारण निधीच्या 2022 ते 2026 या काळासाठीच्या निकषांनुसार सपाट प्रदेशातील पूर्ण पडलेल्या घराला 1 लाख 20 हजार रुपये आणि अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला 6 हजार 500 रुपये मिळतात, तेही किमान 15 टक्के नुकसान असेल तर. वादळानंतर पत्र्यांचे भाव ज्या वेगाने चढतात ते पाहता साडेसहा हजारांत एक पाखेही नीट होणार नाही. निसर्गच्या वेळी राज्य सरकारला निकषांबाहेर जाऊन मदत वाढवावी लागली, ती म्हणूनच. दर वादळानंतर अशी खास वाढ जाहीर करण्याऐवजी वादळापूर्वीच्या शाकारणीला थोडे अनुदान दिले, गावातल्या चार तरुणांना हुक-वॉशर कसे बसवायचे, कोपऱ्यांना जास्त बांधणी कशी द्यायची याचे प्रशिक्षण दिले, आणि ग्रामपंचायतीने पावसाळ्यापूर्वी प्रत्येक छपराचा एक फोटो दप्तरी ठेवला, तर तो फोटो तलाठ्याच्या पंचनाम्यालाही उपयोगी पडेल आणि सर्व्हेअरलाही. त्याला लागणारा मोबाइल आज प्रत्येक ग्रामसेवकाच्या खिशात आहे.