खेकड्यांना हसण्याआधी

२ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटलं. मातीचं, छोटं धरण. खालच्या वाडीतली वीसहून अधिक माणसं गेली. नंतर तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले, धरण खेकड्यांनी पोखरलं. मग काय, महाराष्ट्रभर हशा! व्यंगचित्रं आली, आंदोलक जिवंत खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात गेले. आपल्या मेसचा स्लॅब गळायला लागला की आजही कोणीतरी म्हणतोच, 'खेकडा असेल रे!'

मित्रांनो, हसायला माझी हरकत नाही. पण निदान इंजिनिअरिंगवाल्यांनी हसण्याआधी जरा थांबावं. खेकडा, घूस, उंदीर मातीच्या भरावात बिळं करतात. बिळातून पाणी वाट काढतं, पाण्याबरोबर माती बाहेर येते, बीळ रुंद होत जातं. आपण परीक्षेत याला 'पायपिंग' म्हणतो आणि मार्क मिळवतो. मातीची धरणं फुटण्याच्या मोठ्या कारणांपैकी ते एक आहे. तिवऱ्यात खेकडा दोषी होता की नव्हता, तो वाद बाजूला ठेवू. पण समजा होता, तरी खेकडा काही एका रात्रीत धरण पोखरत नाही. तो पोखरत होता तेव्हा भरावावरून चालणारा माणूस कुठे होता? गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. म्हणजे गावाला दिसत होतं. ज्याने बघायचं, त्याने बघितलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. छोटं मातीचं धरण एकदा बांधून झालं की पुढे ते डिझाइनपेक्षा त्याच्यावरून फिरणाऱ्या माणसामुळे टिकतं. आणि तो माणूस आपण काढून टाकला आहे.

'ते कोकण आहे, आपल्या खान्देशात कुठे तेवढा पाऊस?' हे उत्तर मी हॉस्टेलमध्येच तीन-चार जणांकडून ऐकलं. पाऊस कमी, हे खरं. पण कमी म्हणजे सावकाश नव्हे. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावकरांनी ते बघितलं. कन्नड घाटाच्या डोंगरात रात्रीत पाऊस कोसळला आणि तितूर, डोंगरी नद्या गावात शिरल्या. शिवाय आपल्याकडे दुसरी एक अडचण आहे, ती कोकणात नाही. आपली काळी माती. ती पाणी अडवते म्हणून धरणाच्या गाभ्यात वापरतात, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. शेतात तर हाताचा पंजा जाईल एवढ्या! म्हणून तर भरावाच्या माथ्यावर आणि बाजूंवर मुरूम टाकायचा असतो. तो मुरूम वाहून गेला, कोणी पुन्हा टाकला नाही, दोन वर्षं तळं कोरडं राहिलं, काळी माती उघडी पडून तडकली आणि तिसऱ्या वर्षी एका रात्रीत तळं भरलं, तर? धरणाच्या आयुष्यातली ती रात्र सगळ्यात धोक्याची. दुष्काळी भागातलं धरण सुरक्षित, हा समजच उलटा आहे.

हतनूरला ४१ दरवाजे आहेत हे जळगावच्या शाळकरी पोराला पण माहीत असतं. दरवाजे उघडले की पेपरात फोटो येतो. पण पाझर तलावाला दरवाजाच नाही, तर फोटो कशाचा येणार? त्याच्याकडे फक्त एक सांडवा असतो. जास्तीचं पाणी तिथून निघून जावं, भरावावरून जाऊ नये, एवढंच त्याचं काम. काँक्रीटच्या धरणावरून पाणी गेलं तर बऱ्याचदा ते सोसतं. मातीच्या धरणावरून पाणी गेलं की माती धुपून थोड्या वेळात खेळ खलास.

गेल्या मे महिन्यात आम्ही चौघं साक्री तालुक्यातल्या एका पाझर तलावावर गेलो होतो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण असे तलाव गावोगाव आहेत. भरावाच्या कोरड्या बाजूला वेडी बाभूळ इतकी माजली होती की खालचा पायथा दिसतच नव्हता. म्हणजे पाझर असला तरी दिसणार नाही. झाडाचा त्रास तेवढाच नाही. मूळ आत जातं, झाड तोडलं किंवा मेलं की मूळ कुजतं आणि भरावात आयती नळी तयार. वरच्या बाजूचं दगडी पिचिंग दोन ठिकाणी गायब होतं (ते दगड कोणाच्या बांधावर आहेत हे गावात सगळ्यांना ठाऊक असणार!). सांडव्यात कुणीतरी माती-दगडांचा फूटभर बांध घातला होता, दोन महिने पाणी जास्त राहावं म्हणून. त्या माणसाला मी नावं ठेवणार नाही, त्याला विहिरीला पाणी हवं आहे. पण त्याने काय केलं? भरावाची जी उंची सुरक्षिततेसाठी मोकळी ठेवलेली असते, त्यातला फूटभर खाऊन टाकला. आणि हे त्याला सांगणारं कोणी नाही.

तिथे शेळ्या घेऊन आलेले एक आजोबा थांबले. 'काय पाही राह्यनात रे भो? पानी तं नही आठे!' म्हटलं, बाबा, पाळ बघतोय. तर त्यांचा चेहराच बदलला. 'हाई माटी आम्हीच टाकेल शे.' बहात्तरच्या दुष्काळातलं काम. पोटासाठी बायामाणसांनी पाट्या डोक्यावर वाहून हा भराव उभा केला. महाराष्ट्रात त्या काळात असे कितीतरी तलाव झाले. म्हणजे पन्नास वर्षं उलटून गेली. आपण ज्या पुलावरून कॉलेजला येतो तो पन्नास वर्षांचा झाला की स्ट्रक्चरल ऑडिटची मागणी होते. या पाळीचं ऑडिट कोणी मागितलंय?

कायदा आहे का? आहे. धरण सुरक्षा कायदा डिसेंबर २०२१ मध्ये आला आणि त्यात पावसाळ्याआधी व नंतर तपासणी सांगितली आहे. पण तो मुख्यतः १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे. १० ते १५ मीटरमधली धरणं लांबी, साठा वगैरे अटींत बसली तरच. त्याखालची बाहेर. गावाच्या वर, शाळेच्या वर असलेली आठ मीटरची पाळ त्या कायद्याच्या दृष्टीने धरणच नाही.

गंमत म्हणजे याबाबतीत आपले पूर्वज आपल्यापेक्षा हुशार होते, आणि ते इथेच, पांझरेच्या काठी. फड पद्धत आपण पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात उरकतो. बंधारा, पाट, फड, झालं. पण ती पद्धत शेकडो वर्षं टिकली ती दगडी बंधाऱ्यामुळे नव्हे. तिथे पाटकरी होता, हवालदार होता, जागल्या होता. माणसं नेमलेली आणि त्यांचा मोबदला शेतकऱ्यांनीच द्यायचा. हंगामाआधी पाट सगळ्यांनी मिळून साफ करायचा. बांधकामाबरोबर राखणदाराची सोय केलेली होती. आपल्या आताच्या योजनांत बांधकामाला पैसा असतो, उद्घाटनाला मंडप असतो, राखणदाराला काही नसतं.

नवीन कामांच्या उत्साहात तर जुन्याचं नुकसानही होतं. गाळ काढण्याचंच घ्या. गाळ काढून शेतात टाकणं चांगलंच आहे, माझ्या मामाच्या शेताला त्याने जीव आला. पण जेसीबीवाला सोयीचं म्हणून भरावाला लागूनच खणत जातो. तिथला गाळ वर्षानुवर्षं दाबून बसलेला असतो आणि पाझर रोखतो. तो खरवडला की पाण्याला भरावाच्या पोटाखालून रस्ता मोकळा. हे त्याला सांगायला सॉईल मेकॅनिक्स शिकलेलं एकतरी माणूस तिथे हवं की नको?

दर १५ सप्टेंबरला आपण विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालतो. ते १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि नोकरीच्या सुरुवातीलाच धुळ्याकडे येऊन पांझरा खोऱ्यात नळाच्या सायफनचं काम केलं. वय तेवीस-चोवीस. आपल्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे, बस्स.

तेव्हा माझी सूचना सरळ आहे. सिव्हिल डिपार्टमेंटने आपल्या आसपासचे दहा पाझर तलाव निवडावे. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि दिवाळीनंतर, विद्यार्थ्यांची एक तुकडी प्रत्येक पाळीवरून चालत जाईल. सर म्हणतील, परवानगी कोण देणार? पाळीवरून शेळ्या रोज जातात, त्यांना कोण देतं! 'तुमचा रिपोर्ट कोण मानणार' हा प्रश्न मात्र खरा आहे. शिक्का मारण्याचा अधिकार आपल्याला नाही आणि आपण तो मागूही नये. फक्त जे दिसतं ते लिहायचं. झुडपं कुठे, भेग किती लांब, सांडवा मोकळा की बंद. पायथ्याशी पाणी येत असेल तर वर्कशॉपमध्ये पत्र्याचा व्ही-नॉच कापून तिथे बसवायचा. फ्लुइडच्या लॅबमध्ये रीडिंग 'अ‍ॅडजस्ट' करण्यापेक्षा ते बरं. त्यातलं थोडं पाणी बाटलीत भरून रात्रभर ठेवायचं. सकाळी तळाशी माती बसलेली दिसली तर मात्र रिपोर्ट टाइप करत बसू नका, त्याच दिवशी सरपंचाला आणि तहसीलला फोन करा. पाणी स्वच्छ असेल आणि तेवढंच येत असेल, तर पुढच्या खेपेला पुन्हा मोजा.

आणि हो, रिपोर्ट मराठीत लिहा. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फळ्याशेजारी लावायची आहे, ती त्या आजोबांच्या नातवाला वाचून दाखवता आली पाहिजे.