बारा फोटोंचा डबा

आज घरोघरी मोबाईलमध्ये हजारो फोटो आहेत, पण भिंतीवर लावायला एकही नाही, अशी पुष्कळ घरांची स्थिती आहे. मोबाईल बिघडला की लग्न, बारसे, सारे एका क्षणात जाते. उलट म्हाताऱ्या आईच्या पत्र्याच्या पेटीत चारच फोटो असतात, पण चाळीस वर्षे झाली तरी ते टिकून आहेत. हल्ली काही तरुण पुन्हा रोलच्या कॅमेऱ्याकडे वळले आहेत. आणि तेही महागड्या नव्हे, तर खेळण्यासारख्या दिसणाऱ्या साध्या कॅमेऱ्याकडे. ही हौस आपण कामगार कुटुंबांनी समजून घ्यावी अशी आहे, कारण असे कॅमेरे मुळात आपल्यासारख्यांसाठीच जन्मले.

१९०० साली अमेरिकेत कोडॅक कंपनीने 'ब्राउनी' नावाचा पुठ्ठ्याचा कॅमेरा एका डॉलरला विकायला काढला आणि फोटो काढणे सामान्यांच्या हाती आले. पुढे १९८२ मध्ये हाँगकाँगच्या ली टिंग-मो यांनी 'होल्गा' बनवला. चीनमधल्या कष्टकरी कुटुंबांना स्वतःचे फोटो काढता यावेत, हा त्यामागचा विचार. प्लॅस्टिकचा डबा, प्लॅस्टिकचीच लेन्स. पण चीनमध्ये लवकरच छोट्या ३५ मिलिमीटर रोलचे कॅमेरे आले आणि होल्गा मागे पडला. मग तोच कॅमेरा परदेशातल्या जाणकारांनी उचलला. डेव्हिड बर्नेट या छायाचित्रकाराने २००० सालच्या निवडणूक प्रचारात अल गोर यांचा फोटो होल्गाने टिपला आणि त्याला बक्षीसही मिळाले. किंमत कॅमेऱ्याची नसते, नजरेची असते, हे यावरून पटावे.

आपल्याकडे हेच काम 'आग्फा क्लिक थ्री'ने केले. बडोद्याला बनणाऱ्या या कॅमेऱ्याने किती घरांतले पहिले फोटो काढले असतील, त्याची गणती नाही. होल्गासारखाच त्यातही १२० नंबरचा रोल लागे आणि बारा चौकोनी फोटो निघत.

यात गंमत काय, असे मुले विचारतील. होल्गात सेल नसला तरी चालते. अंतरासाठी लेन्सवर चित्रे असतात: एक माणूस, तीन माणसे, मोठा घोळका आणि डोंगर. मागच्या लाल काचेतून आकडा पाहत रोल पुढे सरकवायचा. सरकवायला विसरलात तर एकावर एक दोन फोटो येतात. आजोबांच्या छातीवर नातू बसलेला दिसतो! फोटोचे कोपरे काळे येतात, फटीतून रोलला उजेड लागतो. म्हणून जाणकार फटींवर काळी चिकटपट्टी लावतात. आणि रोल धुऊन येईपर्यंत काय निघाले ते कळत नाही. त्या वाट पाहण्यातच खरा आनंद आहे.

पण हिशेब आधी करावा. उटीच्या सरकारी कारखान्याचा 'इंदू' रोल आता बनत नाही. १२० चे परदेशी रोल मिळतात, पण महाग. रोल, धुलाई आणि प्रिंट यांची बेरीज करून बाराने भागा. एका फोटोचा खर्च डोळ्यांसमोर येईल. एका घराला तो जड वाटेल. बारा घरांनी वर्गणी काढली तर वर्षाला एक रोल जमू शकतो. नवा कॅमेरा घेण्याआधी माळ्यावर जुना क्लिक पडला आहे का, ते पाहा. खटका चालतो आणि लेन्सला बुरशी नाही, एवढे तपासा. ऊन पाठीशी घ्या, कॅमेरा घट्ट धरा आणि श्वास रोखून खटका दाबा.

बारा फोटो कोणाचे काढायचे, हे मुलांना ठरवू द्या. फक्त एक सुचवतो. वस्तीतल्या सर्वांत वृद्ध बारा माणसांपासून सुरुवात करा. गिरणीत, गोदीत, सफाई खात्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांतल्या कित्येकांचा ओळखपत्रापलीकडे धड फोटो नाही. त्यांच्या दारात, त्यांच्या नेहमीच्या कपड्यांत फोटो काढा. प्रिंट आली की मागे पेन्सिलीने नाव, गाव, काम आणि तारीख लिहा. एक प्रत त्यांच्या हातात द्या आणि निगेटिव्ह कोरड्या डब्यात जपून ठेवा.