बोली कुणाची, गुडघा कुणाचा?

सीमारेषेवरून / राजूरकर

आयपीएल चालू असते तेव्हा राजूरच्या बसस्टँडसमोरच्या टपऱ्यांवर क्रिकेटची फारशी चर्चा होत नाही. तेव्हा जो तो मोबाइलात मान घालून बसलेला असतो. तोंडं मोकळी होतात ती हिवाळ्यात. कापसाची शेवटची वेचणी उरकत आलेली, तुरी काढायला झालेल्या, कुणाच्या तरी मळ्यात हुरड्याचा बेत ठरत असतो, आणि आयपीएलचं मैदान ओस पडलेलं असतं. मग आमची माणसं संघ बांधायला घेतात. कुणाला ठेवायचं, कुणाला विकायचं, कुणाचं पोट सुटलंय, कुणाला पैसे जास्त झालेत, सगळा हिशेब कटिंग चहावर होतो. अंगारकीला गणपतीच्या दर्शनाला जालन्याहून रात्रभर पायी चालत येणाऱ्यांच्या घोळक्यातसुद्धा मी ‘जडेजाला सोडायला नको होतं’ हे वाक्य ऐकलेलं आहे.

यंदा बोलायला मसालाही भरपूर होता. नोव्हेंबर 2025 मध्ये चेन्नईनं रवींद्र जडेजा आणि सॅम करन राजस्थानला दिले आणि संजू सॅमसनला घेतलं. संजूचे 18 कोटी कायम राहिले, जडेजाचे 18 चे 14 झाले. शार्दूल ठाकूर 2 कोटींत लखनौहून मुंबईला आला, अर्जुन तेंडुलकर 30 लाखांत मुंबईहून लखनौला गेला. मग 16 डिसेंबरला अबुधाबीत लिलाव झाला. कॅमेरून ग्रीनवर कोलकात्यानं 25 कोटी 20 लाखांची बोली लावली. प्रशांत वीर आणि कार्तिक शर्मा ही भारताकडून एकही सामना न खेळलेली पोरं, पायाभूत किंमत 30 लाख. चेन्नईनं दोघांना प्रत्येकी 14 कोटी 20 लाख मोजले.

‘‘एवढे पैशे काहून द्यायलेत हे? डोकं फिरलंय का यांचं?’’ टपरीवरचा पहिला प्रश्न हा. दुसरा लगेच येतो: ‘‘आणि जडेजाचे चार कोटी काहून कापले?’’ दोन्ही प्रश्न एकच माणूस विचारतो, हे विशेष.

या सौद्यांत जालन्याचा एक धागा आहे, तो आमच्या पोरांना ठाऊक नसतो म्हणून सांगतो. फेब्रुवारी 2014 मध्ये संयुक्त अरब अमिरातीत 19 वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला. भारताचा कर्णधार होता आपल्या जालन्याचा विजय झोल आणि त्याचा उपकर्णधार होता हाच संजू सॅमसन. त्याच संघात श्रेयस अय्यर होता, ज्याच्यासाठी पंजाबनं पुढे 26 कोटी 75 लाख मोजले. कुलदीप यादव होता, सर्फराज खान होता. विजयनं त्याआधी कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद 451 धावा काढल्या होत्या आणि रणजी पदार्पणात त्रिपुराविरुद्ध नाबाद 200. त्याच वर्षी बंगळुरूनं त्याला संघात घेतलंही. पुढे मात्र त्या बाजारात त्याचं नाव टिकलं नाही. एका ड्रेसिंग रूममधली ही पोरं. अकरा-बारा वर्षांनी एकाचा सौदा 18 कोटींचा, दुसऱ्याची बोली पावणेसत्तावीस कोटींची, आणि कर्णधाराचं नाव आज लिलावाच्या यादीत शोधून सापडत नाही. गुणवत्तेला भाव मिळतो हे खरं, पण तेवढ्यानंच मिळतो असं ज्याला वाटतं त्यानं हा संघ एकदा डोळ्यांखालून घालावा.

आता मूळ मुद्दा. लिलावात पैसे उघड दिसतात, म्हणून आपण खेळाडूवर घसरतो. अदलाबदलीत, म्हणजे आपली पोरं ज्याला ‘ट्रेड’ म्हणतात त्यात, खरा पैसा दिसतच नाही. जनावरांच्या बाजारात जुने व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवायचे, शेजारी उभ्या माणसालाही आकडा कळायचा नाही; आयपीएलचा ट्रेड अजून त्या रुमालाखालीच चालतो. 2023 च्या नोव्हेंबरात हार्दिक पांड्या गुजरातहून मुंबईत आला, तेव्हा त्याचे 15 कोटी सगळ्यांना कळले. त्याला सोडण्याबद्दल गुजरातच्या मालकांना मुंबईनं किती दिले, तो आकडा कधी अधिकृतपणे जाहीर झाला नाही. ही रक्कम संघाच्या लिलावाच्या थैलीतूनही वजा होत नाही. म्हणजे ज्या 125 कोटींच्या मर्यादेवर आपण टपरीवर बेरजा-वजाबाक्या करतो, ती मर्यादा अर्धवट आहे. ज्याची तिजोरी मोठी, त्याला रुमाल मोठा.

तरी शिव्या कोणाला बसल्या? हार्दिकला. 2024 च्या हंगामात वानखेडेवर मुंबईच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. रोहितचं कर्णधारपद काढलं मालकांनी आणि शिक्षा भोगली नव्या कर्णधारानं. संघ शेवटच्या, दहाव्या क्रमांकावर गेला. जूनमध्ये टी-20 विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हार्दिकनंच शेवटचं षटक टाकलं, भारत जिंकला, आणि परतल्यावर त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. आमच्याकडे तेव्हा हुर्यो करणारे कोण आणि जयघोष करणारे कोण, हे मला चांगलं माहीत आहे. नावं घेत नाही, रोज चहा एकत्र प्यावा लागतो.

जडेजाचं प्रकरण त्याहून बोलकं. 2008 मध्ये तो राजस्थानच्या विजेत्या संघात होता. दोन हंगामांनंतर त्यानं परस्पर दुसऱ्या संघाशी बोलणी केली, म्हणून 2010 मध्ये त्याच्यावर अख्ख्या हंगामाची बंदी आली. खेळाडूनं स्वतःचा भाव स्वतः विचारला की शिस्तभंग, आणि मालकांनी आपापसात ठरवला की व्यवहार! ट्रेडला खेळाडूची संमती लागते, असा नियम आहे. पण ज्या संघाला तुम्ही नको झालात, तिथे ‘मी जात नाही’ म्हणून अडून बसणारा विरळाच. एवढ्या वर्षांनी जडेजा पुन्हा राजस्थानला चार कोटी कमी घेऊन गेला, त्यात त्याची खुशी किती आणि गरज किती, हे त्याचं त्याला माहीत.

अमेरिकेत बेसबॉलचे चाहते हिवाळ्यात हेच करतात. स्पर्धा नोव्हेंबरच्या सुमारास संपते, मार्चअखेरपर्यंत सामना नाही, आणि मधल्या थंडीत सौदे, पगार आणि खांदे-कोपरांची दुखणी यांवर वाद. पण तिथल्या खेळाडूंनी रुमाल ओढून काढला, आणि त्याची सुरुवात कर्ट फ्लड नावाच्या एका सेंट लुईसच्या खेळाडूनं केली. 1969 मध्ये क्लबनं त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. त्यानं जायला नकार दिला, लीगच्या कमिशनरना तसं लेखी कळवलं आणि कोर्टात गेला. तेव्हा क्लबची पकड अशी होती की करार संपला तरी खेळाडू त्याच क्लबचा. फ्लडनं 1970 चा पूर्ण हंगाम गमावला आणि 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला. पण वारं फिरलं होतं. 1975 च्या अखेरीला एका लवादानं दुसऱ्या दोन खेळाडूंना मोकळं केलं आणि करार संपल्यावर हवं तिथे जायची वाट खुली झाली. डिसेंबर 2024 मध्ये हुआन सोटोनं न्यूयॉर्क मेट्सशी 15 वर्षांचा, साडेशहात्तर कोटी डॉलरचा करार केला, त्याच्या मुळाशी फ्लडचं ते वाया गेलेलं वर्ष आहे. आपल्याकडे असं लढायला खेळाडूंची भक्कम संघटनाच नाही. त्यामुळे आपला चाहता मालकाच्या थैलीची काळजी करतो आणि खेळाडूला हावरट म्हणतो.

पैशावरून गाडी मग फिटनेसवर येते. इथे तर आमच्याकडे घरोघरी फिजिओ. मार्च 2025 मध्ये एका पक्षाच्या प्रवक्त्यांनी रोहित शर्माला जाड म्हटलं तेव्हा टपरीवर दोन तट पडले. आठवड्याभरात रोहितनं चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात 76 धावा काढून करंडक उचलला आणि तट मोडले. सर्फराजनं त्याच वर्षी 17 किलो वजन उतरवलं, फोटो सगळ्यांनी पाहिले, तरी ऑक्टोबरमध्ये भारत ‘अ’ संघातही त्याला जागा मिळाली नाही. आयपीएलच्या लिलावात तो 75 लाखांच्या मूळ किमतीला चेन्नईकडे गेला. पृथ्वी शॉला फिटनेसवरून मुंबईनं रणजी संघातून काढलं, एका लिलावात त्याला कुणी घेतलं नाही, तो आपल्या महाराष्ट्राकडून खेळायला लागला आणि यंदा 75 लाखांतच दिल्लीत परतला. पृथ्वीच्या बाबतीत तक्रारीला जागा होती, हे मी मान्य करतो. सर्फराजच्या बाबतीत मला ती कधीच पटली नाही. दिवसभर खेळपट्टीवर उभं राहून धावा करणाऱ्याचं पोट मोजायचं कशाला?

मोजायचंच असेल तर रीत आहे. यो-यो चाचणीत 20 मीटर जाऊन परत यायचं, दहा सेकंद दम घ्यायचा, पुन्हा पळायचं, आणि दर टप्प्याला वेग वाढत जातो. 2025 पासून त्यात ब्राँको या दुसऱ्या चाचणीची भर पडली: 20, 40 आणि 60 मीटर जाऊन-येऊन, अशा पाच फेऱ्या. एकूण 1200 मीटर, मध्ये विश्रांती नाही, आणि सहा मिनिटांच्या आत यायचं. शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारून आमच्या पोरांनी हे करून पाहिलं. पहिल्या दोन फेऱ्या हसत झाल्या. तिसरीत 60 च्या रेघेवर वळताना पाय घसरायला लागले, चौथीत बोलणं बंद झालं, आणि बुमराला ‘सगळे सामने खेळायला काय होतं’ असं विचारणारा गडी पाचव्या फेरीला लिंबाच्या सावलीत आडवा होता. बुमरानं 2025 च्या इंग्लंड दौऱ्यात पाचपैकी तीनच कसोटी खेळल्या, कारण 2023 मध्ये त्याच्या पाठीची शस्त्रक्रिया झालेली आहे. वेगवान गोलंदाजाची पाठ ही अशी वस्तू आहे की एकदा चीर गेली की पुढचा प्रत्येक चेंडू हिशेबानं टाकावा लागतो. दीपक चहरला 2022 मध्ये चेन्नईनं 14 कोटींना घेतलं आणि दुखापतीमुळे तो हंगामात एकही चेंडू टाकू शकला नाही. बोली लागली त्या दिवशी पेपरात मोठा फोटो आला. पुनर्वसनाच्या महिन्यांचा फोटो कोण छापतो?

आणि हे सगळं मूठभरांचं. रणजीत नवखा खेळाडू, म्हणजे ज्याचे 20 पर्यंतच सामने झालेत, त्याला दिवसाला 40 हजार मिळतात. साखळीचे सातही सामने खेळला तर वर्षाचे 11 लाख 20 हजार. संघातून वगळला गेला तर त्या सामन्यांचे पैसे नाहीत. आयपीएलची सगळ्यात कमी किंमत 30 लाख आहे. म्हणून लिलावाच्या दिवशी शेकडो घरांत जेवणं खोळंबतात. माझा राग 14 कोटींवर नाही, 14 कोटी आणि शून्य यांच्यामध्ये फारसं काही नाही यावर आहे.

आता जरा आपल्या मैदानाकडे वळू. भोकरदन तालुक्यात हिवाळा लागला की गावोगाव प्रीमियर लीग. मालक कोण, तर कृषी सेवा केंद्रवाले, प्लॉटिंगवाले, आणि येत्या निवडणुकीत उभं राहायचं मनात असलेले. खेळाडू नोंदणीचे पैसे स्वतः भरतो, त्याचा फोटो ग्रुपवर येतो, मग मंगल कार्यालयात पॉइंटांची हर्रास. ‘आयकॉन’ खेळाडूला हजारो पॉइंट मिळतात, हातात मात्र टी-शर्ट. बक्षिसाचे पैसे बहुतेक वेळा संघमालक आणि पार्टी यांच्यातच संपतात. सामने रात्री, प्रकाशझोतात, नांगरून रोलर फिरवलेल्या काळ्या रानात. वरून सपाट दिसतं, आत भेगा असतात. डाइव्ह मारताना किंवा वळताना पाय त्यात अडकला की गुडघ्याचा लिगामेंट गेला म्हणून समजा. मग जालना नाहीतर संभाजीनगर, एमआरआय, शस्त्रक्रिया, सहा-आठ महिने फिजिओ. खर्च लाखाच्या वर जातो आणि तो त्या पोराच्या बापाच्या कापसातून निघतो. ज्या मालकानं त्याच्यावर सगळ्यात जास्त पॉइंट लावले, तो पुढच्या वर्षी दुसरा ‘आयकॉन’ शोधतो. मालकाला दोष देतोय असं नाही. आजवर कुणी त्याला विचारलंच नाही.

येत्या स्पर्धा भरवणाऱ्यांना म्हणून माझं सांगणं आहे. हर्रास करा, हौसेनं करा, पण नोंदणीच्या पैशातला काही भाग आणि पहिल्या बक्षिसातला दहावा हिस्सा बाजूला काढून दुखापत झालेल्याच्या उपचारासाठी ठेवा. त्याचा हिशेब फ्लेक्सवर लावा, जसे देणगीदारांचे फोटो लावता. सामन्यांच्या मोसमात खेळाडूंचा गट अपघात विमा निघतो का, याची चौकशी एकदा बँकेत करा. मैदान रात्रीऐवजी सकाळी तपासा, भेगा माती टाकून बुजवा. आणि खेळाडूंनो, नोंदणीचा फॉर्म भरण्याआधी आयोजकांना एवढं विचाराच: माझा गुडघा गेला तर दवाखान्याचं बिल कोण भरणार? उत्तर मिळालं नाही, तर त्या वर्षी नाव देऊ नका.